एटीएस (भरतीचं सॉफ्टवेअर) रेझ्युमे खरंच 'फेकून' देतं का? (अनुभव, शंका, वाद सगळं चालेल)

खडूफळा

नोकरीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक वाक्य कायम फिरत असतं : 'शंभरातले पंचाहत्तर रेझ्युमे एटीएस माणसापर्यंत पोचूच देत नाही.' खाली लगेच लिंक. काही शे रुपये भरा, तुमचा 'एटीएस स्कोअर' नव्वदच्या वर नेऊन देतो. या पंचाहत्तरच्या आकड्याचा माग काढायला गेलात तर एक लेख दुसऱ्या लेखाकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि मूळ अभ्यास म्हणावा असं कुणीच काही पुढे करत नाही. तरी आकडा चिरंजीव आहे.

मी काही वर्षं रेझ्युमे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलंय, म्हणून हा धागा.

एटीएस म्हणजे अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम. वर्कडे, ओरॅकलचं टॅलिओ, सॅपचं सक्सेसफॅक्टर्स, ग्रीनहाउस, आपल्याकडचं झोहो रिक्रूट, डार्विनबॉक्स वगैरे. मूळ काम नोंदवहीचं : अर्ज कोणाचा, कोणत्या जागेसाठी, कोणत्या फेरीत अडकलाय, नकार कळवला का. त्यातच एक भाग असतो पार्सर नावाचा. तो तुमच्या फाइलमधून नुसता मजकूर उपसतो, शीर्षकं बघून त्याचे तुकडे पाडतो आणि नाव, फोन, कंपनी, हुद्दा, तारखा, शिक्षण असे रकाने भरतो. पुढे भरती करणारा माणूस या रकान्यांवर शोध मारतो. म्हणजे बहुतेक वेळा तुम्हाला कोणी फेकत नाही. तुम्ही शोधात सापडतच नाही. परिणाम सारखाच, पण उपाय वेगळा.

घोटाळा होतो तो उपसण्यात. साध्या पीडीएफमध्ये ओळी आणि परिच्छेद नसतात, 'हे अक्षर पानावर या ठिकाणी' एवढंच असतं. ओळ कुठे सुरू झाली, कुठे संपली, हा पार्सरचा अंदाज. आता कॅनव्हावरचा तो लोकप्रिय दोन रकान्यांचा साचा घ्या. डाव्या निळ्या पट्टीत कौशल्यं, उजवीकडे अनुभव. अंदाज चुकला की दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींत शिवल्या जातात आणि 'ऑटोकॅड सीनियर इंजिनिअर सॉलिडवर्क्स जून २०१९' असं काहीतरी बाहेर येतं. यातून तुमचा हुद्दा काय काढायचा?

तीच गत वर्डमधल्या टेक्स्ट बॉक्सची. फोन आणि ईमेल पानाच्या हेडरमध्ये टाकले असतील तर काही पार्सर हेडर-फूटर बघतच नाहीत. कौशल्यापुढे पाचपैकी चार तारे काढले असतील तर यंत्राला तारे दिसत नाहीत (आणि माणसालाही कळत नाही की जावात चार तारे म्हणजे नक्की काय). लॅटेक या टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेझ्युमे करणाऱ्यांनी आणखी एक बघावं : एफ आणि आय ही रोमन अक्षरं शेजारी आली की देखणी दिसावीत म्हणून जोडली जातात, आणि काही फाइलींतून उपसताना ती जोडी गळून पडते. 'सर्टिफाइड'चं स्पेलिंग मधोमध तुटतं आणि त्या शब्दाच्या शोधात तुम्ही येत नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, नोटपॅडमध्ये चिकटवा आणि वरून खाली वाचा. क्रम लागतोय, तारखा आपापल्या कंपनीशेजारी आहेत, फोन नंबर आलाय, तर निम्मं काम झालं. काहीच चिकटलं नाही तर तुमची पीडीएफ म्हणजे फोटो आहे. छापील रेझ्युमे मोबाइलने स्कॅन करून पाठवणारे अजूनही पुष्कळ आहेत.

तुमचे अनुभव लिहा.

टर्निंग सेंटर

भाऊ, आमच्यासारख्यांचं पण सांगा. मी डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला क्वालिटीत. रेझ्युमे एका पानाचा, साधा, वर्डमध्ये. नोटपॅडमध्ये मस्त चिकटतो. तरी कॉल नाही. लिहिलंय : 'पार्ट चेकिंग, रिपोर्ट बनवणे, कस्टमर कंप्लेंट बघणे, सप्लायरकडे जाऊन तपासणी.' हेच तर काम करतो मी.

लिफाफा

@टर्निंग सेंटर, मी टॅलंट अ‍ॅक्विझिशनमध्ये आहे, आधी ऑटो कंपोनंटमध्ये होते, आता आयटीत (हिंजवडी, म्हणजे आयुष्य ट्रॅफिकमध्ये). तुमचा रेझ्युमे वाचला जातोय, पण मी जे शब्द शोधणार ते त्यात नाहीत. सप्लायर क्वालिटीची जागा आली की माझ्या शोधात असतं पीपीएपी, एपीक्यूपी, एफएमईए, आयएटीएफ १६९४९, ८डी, सीएमएम, जीडी अँड टी, म्हणजे वाहन उद्योगातल्या क्वालिटीच्या पद्धती, मानकं आणि मोजमापाची साधनं. 'पार्ट चेकिंग' कोणी शोधत नाही हो.

तुम्ही कस्टमर कंप्लेंट बघता म्हणजे ८डी रिपोर्ट भरत असणार. सप्लायरकडे जाता म्हणजे प्रोसेस ऑडिट करता, पीपीएपीची फाइल तपासता. मग तसं लिहा. 'सीएमएमवर मोजमाप, ८डी रिपोर्ट, सप्लायर पीपीएपी तपासणी, आयएटीएफ १६९४९ ऑडिटची तयारी.' जे केलंय तेच, फक्त जाहिरातीत जसं छापतात तसं. न केलेलं घालू नका. इंटरव्ह्यूला क्वालिटी मॅनेजर पहिलाच प्रश्न विचारतो, पीपीएपीची लेव्हल ३ म्हणजे काय सांगा, आणि तिथे पाणी जोखलं जातं.

शिवाय लघुरूप आणि पूर्ण रूप दोन्ही एकदा तरी येऊ द्या. मी 'व्हीएमसी' शोधते, दुसरी कोणी 'व्हर्टिकल मशीनिंग सेंटर' शोधते. नवीन सॉफ्टवेअरं दोन्हींना एकच समजतात, जुनी समजत नाहीत, आणि कंपनी कोणतं वापरते हे तुम्हाला बाहेरून कळायची सोय नाही.

आता खडूफळांचा मुद्दा थोडा पुढे नेते. सगळे रेझ्युमेच्या रंगरूपावर घाम गाळतात आणि अर्जाच्या फॉर्मवरचे ते चार-पाच छोटे प्रश्न धावतपळत भरतात. खरी कात्री तिथेच असते! एकूण अनुभव किती वर्षं? सध्याचं सीटीसी (वर्षाचं एकूण पगारपॅकेज)? नोटिस पीरियड? या शहरात यायची तयारी आहे का? यांवर थेट नियम लावता येतो : अमुक उत्तर आलं की अर्ज आपोआप नाकारा. इथे यंत्र खरोखरच नाकारतं, आणि तो नियम यंत्राने नाही, आमच्यापैकीच कोणीतरी बसवलेला असतो.

तिरपागडे

म्हणजे कात्री तुमच्याच हातात. एवढं सरळ कोणी एचआरवाल्याने कबूल केलेलं पहिल्यांदाच वाचलं. :)

शेवटचं सेमिस्टर

वाखू (वाचनखूण) साठवली. माझा प्रश्न फ्रेशरचा. 'दहावी, बारावी, पदवी तिन्हींत ६० टक्के' हा निकष सगळीकडे. माझे बारावीला ५९.६ आहेत. फॉर्ममध्ये पूर्णांकच घेतात. ६० टाकू का? आणि मार्कशीटवर सीजीपीए आहे, त्याचे टक्के कोण कसे काढतं काय माहीत, वर्गातल्या तिघांची तीन उत्तरं आली.

लिफाफा

५९.६ चे ६० करू नका. आज फॉर्म पुढे सरकेल, पण ऑफर आल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाली एजन्सी मार्कशीट मागते आणि आकडा जुळला नाही की 'माहिती चुकीची दिली' असा शेरा बसतो. तो शेरा टक्क्यांपेक्षा महागात पडतो. फॉर्म पूर्णांकच घेत असेल तर ५९ टाका आणि निकषात न बसलात तर प्लेसमेंट सेलमार्फत विचारा. सवलत द्यायची झाली तर माणूसच देतो.

सीजीपीएसाठी आपल्या विद्यापीठाने दिलेलं सूत्रच वापरा आणि ते परिपत्रक पीडीएफ करून जवळ ठेवा. सरसकट साडेनऊने गुणणं ही सीबीएसईच्या दहावीची पद्धत होती, ती अभियांत्रिकीला लावू नका.

टर्निंग सेंटर

डिप्लोमावाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. दहावीनंतर डिप्लोमा, मग थेट सेकंड इयर. बारावी केलेलीच नाही. आणि फॉर्ममध्ये 'बारावीचे टक्के' तारांकित रकाना, भरल्याशिवाय पुढचं बटण उजळत नाही. तिथे शून्य टाकलं तर ६० च्या नियमात बाद.

लिफाफा

हो, हा फॉर्म बनवणाऱ्यांचा आळस आहे, दुसरं काही नाही. चांगल्या फॉर्ममध्ये 'बारावी किंवा डिप्लोमा' असा पर्याय असतो. नसेल तर तिथे डिप्लोमाचे टक्के टाका, बोर्डच्या जागी एमएसबीटीई (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ) निवडा किंवा लिहा, आणि रेझ्युमेत दहावी–डिप्लोमा–बीई असा क्रम अगदी ठळक ठेवा. शून्य कधीच टाकू नका.

टंकलेखक३०

सरकारी भरतीवाल्यांसाठी पण काढा की एखादा परिच्छेद. तिथे कीवर्ड वगैरे काही नाही, तिथे नाव. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या बहिणीचं तर विचारू नका, तिची चार कागदांवर चार नावं.

खडूफळा

@टंकलेखक३०, हा मुद्दा खासगीतही तितकाच लागू आहे. बहुतेक पार्सर परदेशात घडलेले. पहिला शब्द म्हणजे पहिलं नाव आणि शेवटचा म्हणजे आडनाव हे ते गृहीत धरतात. 'जाधव प्रियांका संजय' असं दहावीच्या क्रमाने लिहिलं की यंत्राच्या लेखी तिचं नाव जाधव आणि आडनाव संजय. उत्तर येतं 'डिअर जाधव'. तेवढ्यावर भागलं तर हसून सोडून द्यावं, पण तेच नाव ऑफर लेटरवर उतरलं की बँक खातं आणि पीएफ जुळवताना नाकी नऊ येतात. म्हणून रेझ्युमेवर नाव–वडिलांचं नाव–आडनाव या क्रमाने, आणि फॉर्म आपोआप भरला गेला तरी तो रकाना डोळ्यांनी तपासायचाच.

सरकारी अर्जांत मात्र उलट : दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र हाताशी. फोटो आणि सही दिलेल्या केबीच्या मर्यादेतच हव्यात हे वेगळं सांगायला नको, तुम्ही जुने खेळाडू दिसता.

अवांतर : पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं, पण काही कंपन्यांच्या यादीत अजून 'युनिव्हर्सिटी ऑफ पुणे'च आहे. 'सावित्रीबाई' शोधून सापडलं नाही म्हणून 'इतर' निवडू नका, आधी जुन्या नावाने शोधा. 'इतर' निवडलेले अर्ज विद्यापीठाच्या गाळणीत बाजूला पडू शकतात.

अनघड

मी या सगळ्यात वेगळ्याच ठिकाणी अडकले आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आठ वर्षं, मग मुलगी आणि सासूबाईंचं आजारपण मिळून मोठा खंड. आता दोन वर्षं झाली थोडं फ्रीलान्स करते. अर्ज केला की नकार इतक्या पटकन येतो की कोणी वाचला असेल असं वाटतच नाही. वाचणारं माणूस नाही, हे तरी मान्य करा.

तिरपागडे

@अनघड यांचं बरोबर आहे आणि मी या बाबतीत लिफाफांशी असहमत आहे. 'यंत्र निर्दोष, नियम माणसाचे' हे ऐकायला ठीक. पण हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांचा २०२१ चा अहवाल आहे, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतला. त्यात जवळजवळ निम्म्या कंपन्यांनी सांगितलं की सहा महिन्यांहून मोठा खंड असेल तर अर्ज गाळला जातो. आणि ८८ टक्के मालकांनी कबूल केलं की उच्च कौशल्याच्या जागांसाठीचे लायक उमेदवारसुद्धा निकषाशी तंतोतंत न जुळल्यामुळे बाहेर पडतात. खंड बाळंतपणाचा की तुरुंगातला, नियमाला फरक पडत नाही.

आणि नियम न लिहिता यंत्रालाच शिकू दिलं तर? अ‍ॅमेझॉनने २०१४ पासून तसा प्रयोग केला होता, रॉयटर्सने २०१८ मध्ये बातमी दिली. दहा वर्षांत आलेले रेझ्युमे त्याला खाऊ घातले. ते बहुतेक पुरुषांचे, म्हणून त्याने शिकलं की पुरुष बरे. रेझ्युमेत 'विमेन्स' हा शब्द दिसला, समजा 'विमेन्स चेस क्लब'ची कॅप्टन, की गुण कमी. शेवटी तो प्रकल्प गुंडाळला. आता आठवा, आपल्याकडे एसएनडीटी आहे, कर्वेनगरचं कमिन्स कॉलेज आहे, नावातच 'विमेन' असलेली. ते यंत्र इथे कधी वापरलं गेलं नाही, पण तसं दुसरं कोणी वापरत नसेल याची हमी कोण देणार?

लिफाफा

@तिरपागडे, मी निर्दोष कुठे म्हटलं? उलट माझं म्हणणं असं की नियम माणसाने लावलाय म्हणून तो माणसाला विचारता येतो. मी स्वतः हायरिंग मॅनेजरशी खंडाच्या नियमावरून भांडले आहे. निम्म्या वेळा तो नियम आधीच्या कोणीतरी लावलेला असतो आणि आत्ताच्या मॅनेजरला माहीतही नसतो.

@अनघड, तुमच्या रेझ्युमेत तो काळ कोरा आहे का? असेल तर तो भरा. तारखांसकट, नोकरीसारखीच नोंद : 'करिअर ब्रेक, कौटुंबिक जबाबदारी'. लिंक्डइनवर २०२२ पासून यासाठी वेगळा प्रकारच दिलाय. आणि फ्रीलान्स वर घ्या. तुम्ही ते सगळ्यात शेवटी 'इतर माहिती'त टाकलं असणार, पैजेवर सांगते. 'फ्रीलान्स टेस्ट इंजिनिअर', महिना-वर्ष ते आजपर्यंत, खाली कोणत्या प्रकारच्या ग्राहकांचं काय तपासलं, सेलेनियम की पोस्टमन की टेस्टिंगचं आणखी कुठलं साधन. आता यंत्राच्या हिशेबाने तुम्ही सध्या काम करत आहात, आणि ते खरंही आहे.

शिवाय परतणाऱ्यांसाठीच्या वेगळ्या योजना असतात, टाटांची सेकंड करिअर इंटर्नशिप २००८ पासूनची आहे. तिथे खंड हीच पात्रता. मोठ्या कंपन्यांच्या करिअर पानावर 'रिटर्नशिप' असा शोध मारून बघा.

पटकन नकाराबद्दल : काही मिनिटांत आला तर तो वरच्या छोट्या प्रश्नांपैकी एकावर आलेला असतो. रात्री दोनला किंवा बऱ्याच दिवसांनी अनेकांना एकदम आला, तर जागा भरली आणि कोणीतरी उरलेल्या सगळ्यांना एका बटणात नकार पाठवला. दोन्हींत फरक करायला शिका, उगाच रेझ्युमे बदलत बसाल.

अनघड

'इतर माहिती'तच होतं. पैज जिंकलात. आजच बदलते.

सॅन होजेचा सदू

इकडचं थोडं. आपल्या मुलांना अमेरिकेत सगळ्यात जास्त कापणारा प्रश्न एकच : 'आता किंवा पुढे कधी तुम्हाला व्हिसासाठी कंपनीचं प्रायोजकत्व लागेल का?' ओपीटीवर (शिकून झाल्यावर काही काळ काम करायची परवानगी) असलेल्या मुलांना वाटतं आत्ता तर लागत नाही, 'नाही' लिहू. पण प्रश्नात 'पुढे कधी' आहे ना, एच-१बी (नोकरीचा व्हिसा) लागणारच असेल तर खरं उत्तर 'हो'. रेझ्युमे कितीही सुंदर असला तरी अनेक कंपन्यांत गाडी इथेच थांबते. म्हणून आधी प्रायोजकत्व देणाऱ्या कंपन्या शोधायच्या, मग अर्ज. मजूर खात्याची एलसीएची (एच-१बीआधी कंपनी त्या खात्याकडे करते तो अर्ज) आकडेवारी सगळ्यांना खुली आहे, कोणत्या कंपनीने कोणत्या हुद्द्यासाठी अर्ज केले ते त्यात दिसतं.

तिरपागडेंच्या मुद्द्याला जोड : इथे वर्कडेवर खटला चालू आहे. डेरेक मोब्ली नावाच्या माणसाने २०२३ मध्ये दावा लावला की त्यांच्या गाळणीने वंश, वय आणि अपंगत्वावरून त्याला डावललं. मे २०२५ मध्ये न्यायालयाने वयाच्या मुद्द्यावर चाळिशीच्या वरच्या इतर अर्जदारांनाही त्यात सामील व्हायची प्राथमिक परवानगी दिली. कंपनीला आरोप मान्य नाहीत. निकाल लागेल तेव्हा लागेल, पण 'आम्ही फक्त सॉफ्टवेअर विकतो' हे उत्तर कोर्टात सहज चाललं नाही, हे महत्त्वाचं. न्यूयॉर्क शहरात तर जुलै २०२३ पासून अशी स्वयंचलित साधनं वापरायची असतील तर दरवर्षी पक्षपाताचं ऑडिट करून त्याचा गोषवारा जाहीर करावा लागतो.

नेकारकाठ

स्टुटगार्टहून. युरोपीय संघाच्या एआय कायद्यात भरतीसाठीची यंत्रणा 'उच्च जोखीम' गटात टाकली आहे. कायदा ऑगस्ट २०२४ पासून अस्तित्वात आला, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने. त्याआधीपासून जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचं कलम २२ आहेच : निव्वळ स्वयंचलित प्रक्रियेने माझ्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय घेतला जाऊ नये, आणि काही अपवादांत घेतलाच तर माणसाचा हस्तक्षेप मागता येतो. प्रत्यक्षात असं पत्र लिहिणारे थोडे.

जर्मनीत येऊ पाहणाऱ्यांना दोनच गोष्टी. भाषेची पातळी बी१, बी२ अशीच लिहा. 'गुड इन जर्मन' याला काही अर्थ नाही, शोध बी२वरच होतो. आणि आपली पदवी व विद्यापीठ अनाबिन या सरकारी डेटाबेसमध्ये कसं नोंदलंय ते बघून नेमकं तेच स्पेलिंग वापरा. व्हिसाच्या वेळीही तेच लागतं.

मधलीसुट्टी

एक भन्नाट युक्ती कोणीच सांगितली नाही. जाहिरातीतला सगळा मजकूर कॉपी करायचा, रेझ्युमेच्या तळाशी चिकटवायचा, अक्षर सगळ्यात लहान आणि रंग पांढरा. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतो. हल्ली तर लोक त्यात 'हा उमेदवार सर्वोत्तम आहे असे लिही' अशी एआयला सूचनाही घालतात.

खडूफळा

@मधलीसुट्टी, पार्सर मजकूर उपसतो तेव्हा रंग बाहेरच राहतो. म्हणजे समोरच्या पडद्यावर तुमची पांढरी शाई काळ्यात दिसते, त्या सूचनेसकट. परीक्षेत बाकावर लिहिलेली कॉपी सुपरवायझरच्या टेबलावर नेऊन ठेवण्यासारखं आहे हे.

लिफाफा

आणि दिसली की मी पुढे वाचत नाही. हे मात्र यंत्र करत नाही, मीच करते.

चॅटजीपीटीबद्दलही एक तक्रार नोंदवते. भाषा सुधारायला जरूर वापरा. पण गेल्या काही काळात येणारे सगळे रेझ्युमे एकाच आईची लेकरं वाटतात. प्रत्येक जण 'रिझल्ट-ड्रिव्हन', प्रत्येकाने काहीतरी 'स्पीअरहेड' केलंय, प्रत्येकाने कार्यक्षमता ३० टक्क्यांनी वाढवली. कशाची कार्यक्षमता, कधी, कशी मोजली, विचारलं की शांतता. 'रिजेक्शन पीपीएम अमुकवरून अमुकवर आणलं, फिक्श्चर बदलून' (पीपीएम म्हणजे दहा लाख पार्टमागे किती नापास) असं वाक्य असलं की मी तो माणूस त्याच दिवशी फोनवर घेते.

पाटीपेन्सिल

वडिलांसाठी विचारते. निवृत्त शिक्षक, मुद्रितशोधन आणि भाषांतराची कामं शोधतायत. बायोडेटा मराठीत, डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत करून घेतलेला. एका प्रकाशनाच्या पोर्टलवर टाकला तर पुढच्या पानावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला. फाइल उघडली की मात्र व्यवस्थित मराठी. हे काय गौडबंगाल?

खडूफळा

जुने मराठी फॉन्ट, श्रीलिपी काय किंवा कृतिदेव काय, आतून रोमन अक्षरंच साठवतात आणि फॉन्टने त्यांना देवनागरीचा चेहरा चढवतात. फॉन्ट काढला की चेहरा गेला. पोर्टलला तो काला दिसतो, कारण फाइलमध्ये खरंच तोच आहे. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, मुद्रितशोधकाच्या बायोडेटात 'कार्य'चा रफार हरवला तर शोभणार नाही.

आणि मराठी मजकुराची फाइल शक्यतो वर्डमध्येच द्या. युनिकोड देवनागरीची पीडीएफसुद्धा उपसताना पहिली वेलांटी जागा सोडते, अनुस्वार भटकतात. पोर्टल फक्त पीडीएफ घेत असेल तर नोटपॅडची चाचणी करून मगच. नाव, फोन, ईमेल रोमन लिपीतही एकदा लिहा.

पाटीपेन्सिल

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, 'रफार हरवणार नाही.' :) आभार.

शेवटचं सेमिस्टर

नोकरी डॉट कॉमचं कोणी सांगेल का? मित्र म्हणतो रोज सकाळी प्रोफाइलमध्ये एक पूर्णविराम काढायचा आणि पुन्हा घालायचा, की वर येतं.

लिफाफा

मित्राचं अगदीच खोटं नाही. आम्ही तिथे शोधतो तेव्हा प्रोफाइल अलीकडे कधी अपडेट झालंय, माणूस अलीकडे कधी दिसला, यावर गाळणी लावता येते, आणि सहा महिने न हललेल्या प्रोफाइलला फोन करण्यात वेळ कोण घालवणार. पण रोज पूर्णविरामाची पूजा करण्यापेक्षा सगळे रकाने भरलेले असणं जास्त उपयोगी. मी 'नोटिस ३० दिवसांच्या आत' लावलं आणि तुमचा रकाना कोरा असला, तर तुम्ही त्या यादीत नाही. तीन महिन्यांची नोटिस असलेल्यांनी राजीनामा दिला की लगेच 'सर्व्हिंग नोटिस' निवडून शेवटचा दिवस टाकावा. नव्वद दिवसांचा माणूस त्या क्षणी वीस दिवसांचा होतो. फ्रेशरने तिथे नोटिस शून्य, तात्काळ उपलब्ध.

आणि अर्ज लवकर करा. जागा उघडली त्या पहिल्या दोन दिवसांत. अर्ज शेकड्यांनी येतात, पुरेसे चांगले सापडले की मी पुढची पानं उघडत नाही. यात न्याय वगैरे काही नाही.

टर्निंग सेंटर

मॅडम, शेवटचं एक. मी मोठ्या कंपनीच्या प्लांटमध्ये काम करतो, पण पेरोल कॉन्ट्रॅक्टरचा. रेझ्युमेवर मोठं नाव लिहिलं तर शोधात येईन ना? सगळे तसंच लिहितात.

लिफाफा

शोधात याल आणि ऑफरनंतर अडकाल. व्हेरिफिकेशनला तुमचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) मागतात, आणि पीएफच्या नोंदीत कॉन्ट्रॅक्टरचं नाव असतं, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीखही. म्हणून कंपनी म्हणून कॉन्ट्रॅक्टरचंच नाव, त्याच ओळीत 'कामाचं ठिकाण : अमुक कंपनी, चाकण प्लांट'. दोन्ही नावं मजकुरात आली, शोधालाही सापडता आणि पीएफशीही जुळतं. तारखा यूएएन पासबुकमधून बघूनच टाका, आठवणीतून नको. कॉन्ट्रॅक्टर मध्येच बदलला असेल तर दोन वेगळ्या नोंदी करा, ठिकाण तेच.

टर्निंग सेंटर

तीन बदलले. ठिकाण तेच, मशीन पण तेच.

लिफाफा

मग तीन नोंदी. आणि सगळ्यांच्या वर, सारांशात एक ओळ : 'एकाच प्लांटवर सलग अमुक वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शन.' नाहीतर यंत्र तुम्हाला सतत नोकऱ्या बदलणारा समजेल, आणि घाईत असले तर मीही.